हिरवी माशी म्हणजे कोणती माशी?

कढीपत्त्याच्या पानावर बसलेली चकचकीत हिरवी माशी. डोळे तांबडे, फोटो वरून काढलेला, पाठ पूर्ण फोकसमध्ये. पावसाळा सरत आला की बेळगावच्या कुठल्याही परड्यात असा फोटो पाच मिनिटांत मिळतो. तो आयनॅचरलिस्टसारख्या ॲपमध्ये टाकला की बरेचदा पहिलं नाव येतं, ल्युसिलिया सेरिकाटा. नाव भारदस्त, फोटोही देखणा. पण त्या फोटोवरून ते नाव ठरत नाही. ठरवायला जे बघावं लागतं ते त्यात आलेलंच नसतं: गालाचा रंग, पुढच्या पायाची मांडी, पंखाच्या बुडाची शीर, डोक्यामागचे मोजके राठ केस. पाठीची हिरवी झळाळी काय, ती निदान चार कुळांतल्या माश्यांना असते.

फुलपाखरू पंख पसरून बसतं आणि ओळख पटते. माशीची कागदपत्रं मात्र तिच्या काखेत असतात. फोटो काढणारा पाठीवर खूश, आणि ओळखणाऱ्याला हवी असते बगल. माश्या ओळखण्यातली निम्मी अडचण ज्ञानाची नसून कॅमेरा कुठून धरला याची आहे, आणि उरलेल्या निम्म्यातली बरीचशी कुठे थांबायचं हे न कळण्याची.

आधी माशी आहे का ते बघा

मराठीत घोळ शब्दापासूनच सुरू होतो. मधमाशी, गांधीलमाशी, मोहरीवरची करवतमाशी, मिरचीवरची पांढरी माशी, यातली एकही कीटकशास्त्राच्या हिशेबात माशी नाही. पांढरी माशी तर माव्याच्या गणगोतातली. कन्नडनेही वेगळं काही केलेलं नाही. तिथे मधमाशीला जेनुनोण म्हणतात, म्हणजे पुन्हा नोणच. उलट डास, चिलटं, मोरीच्या भिंतीवर बसणारं केसाळ पाखरू आणि गुरांवरची गोमाशी, हे सगळे खऱ्या माश्यांच्या गणातले, म्हणजे डिप्टेराचे. डिप्टेरा म्हणजे द्विपंखी. उडायला पंखांची एकच जोडी, आणि दुसऱ्या जोडीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी दोन बोंडं. त्यांना हॉल्टर म्हणतात, उडताना तोल सांभाळायला ती लागतात. क्रेन फ्लायच्या फोटोत, म्हणजे पावसाळ्यात दिव्याखाली येणाऱ्या त्या लांब टांगांच्या अजस्र डासासारख्या प्राण्याच्या फोटोत, ही बोंडं साध्या मोबाइलवरही दिसतात. घरमाशीत ती पंखाखालच्या पांढुरक्या पाळीमागे दडलेली असतात.

तुळशीच्या मंजिरीवर किंवा फुलावर आलेल्या कोथिंबिरीवर काळे-पिवळे पट्टे दिसले की मधमाशी म्हणून मोकळं होऊ नका. मिशा बघा. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात मुडपलेल्या, फुलमाशीच्या म्हणजे होव्हरफ्लायच्या आखूड बुटक्या, फोटोत दिसल्या तरी नशीब. मधमाशीच्या मागच्या पायावर परागाची पिवळी गोळी असते, फुलमाशीला ती कधीच नसते. आणि हवेत एका जागी टांगल्यासारखी थांबून झटकन बाजूला सरकली, तर जवळजवळ नक्की फुलमाशी.

चार बाजू, त्यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची

एका माशीचे चार फोटो हवेत: वरून, अगदी आडव्या बाजूने, समोरून चेहरा, आणि पंख सपाट दिसेल असा एक. चारही मिळत नाहीत, माशी तेवढी थांबत नाही. दोनच मिळणार असतील तर बाजूचा आणि वरचा घ्या.

बाजूच्या फोटोत काय असतं ते नीट सांगायला हवं, कारण इथेच मोठ्या कुळांची फारकत होते. माशीच्या छातीच्या बाजूला, मागच्या पायाच्या मुळाच्या थोडं वर, एक श्वासरंध्र असतं. त्याच्या पुढे-खाली एका ओळीत उभे राठ केस आहेत का ते बघायचं, हातपंखा अर्धवट उघडल्यासारखी ती ओळ दिसते. ओळ नसेल तर माशी बहुधा घरमाशीच्या कुळातली, मस्किडी. असेल तर तीन मोठ्या शक्यता. अंग धातूसारखं हिरवं-निळं चमकत असेल तर कॅलिफोरिडी, म्हणजे मांसावर, कुजक्यावर येणाऱ्या निळ्या-हिरव्या माश्या. अंग राखाडी आणि पाठीवर तीन काळे पट्टे असतील तर सार्कोफॅगिडी. आणि पाठीच्या टोकाला जी छोटी त्रिकोणी ढाल असते तिच्या खाली आणखी एक फुगीर ओठ बाहेर आलेला दिसला तर टॅकिनिडी, म्हणजे दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढणाऱ्या माश्या. टॅकिनिडीच्या पोटावर बहुधा साळिंदरासारखे ताठ काटे असतात, पण ओठ दिसला तर खात्री. कर्नाटकातल्या रेशीम उत्पादकांना छळणारी उझी माशी याच कुळातली, राज्यात ती १९८० मध्ये शिरली.

ही केसांची ओळ वरून काढलेल्या एकाही फोटोत दिसत नाही. म्हणून बाजूचा फोटो.

पंखाच्या फोटोचं महत्त्व वेगळं. शिरांचा नकाशा ही कुळाची सहीच आहे म्हणा. पुढच्या कडेपासून मोजत आलं की चौथी लांब शीर टोकाकडे कशी जाते ते बघा. घरमाशीत ती टोकाच्या थोडी आधी कोपर मोडल्यासारखी एकदम वर वळते आणि पुढच्या शिरेजवळ जाते. चावऱ्या गोठ्यातल्या माशीत, स्टोमॉक्सिसमध्ये, हा वळसा सौम्य, धनुष्यासारखा. घरात दिव्याखाली उगाच घिरट्या घालणाऱ्या बारीक फॅनियात ती सरळच जाते, वळत नाही. फुलमाशीच्या पंखात मागच्या शिरा कडेला पोचायच्या आधीच वळून कडेला समांतर धावतात, जणू पंखाला आतून दुसरी किनार शिवली आहे. शिवाय मधोमध एक खोटी शीर असते, घडी पडल्यासारखी, दुसऱ्या कोणत्या शिरेला न जोडलेली. ती खोटी शीर दिसली की वाद संपला, माशी सिर्फिडी.

पंखाचा फोटो फसतो तो पार्श्वभूमीमुळे. पंख पारदर्शक, मागे पानाच्या शिरा. दोन्ही जाळ्या एकमेकींत मिसळतात. पांढऱ्या भिंतीवर, वाळत घातलेल्या धोतरावर, बादलीच्या कडेला बसलेली माशी पंखासाठी उत्तम. उजेड तिरपा हवा. समोरून फ्लॅश मारला तर पंखावर इंद्रधनुष्य उमटतं आणि शिरा जातात.

आता ती हिरवी माशी

कढीपत्त्यावरची माशी परत घेऊ. हिरवी, चमकदार, सात-आठ मिलिमीटर.

पहिलं, ती कुळानं कोण? गोठ्याजवळ, म्हशीच्या ताज्या शेणावर बसलेली असेल तर ती निओमाया असू शकते. रंग हुबेहूब हिरव्या माशीचा, पण कूळ घरमाशीचं, बाजूची केसांची ओळ गायब. गवळ्यांच्या गल्लीत आणि वडगाव-येळ्ळूरकडच्या गोठ्यांत काढलेल्या हिरव्या माश्यांच्या फोटोंना ल्युसिलिया म्हणण्याआधी ही शंका घ्यावीच. पाच मिलिमीटरची, लांब पायांवर उंच उभी राहून पानावर तुरुतुरु धावणारी असेल तर डोलिकोपोडिडी, तीही हिरवी. बारीक, चपटी, पंख पाठीवर एकावर एक ठेवून बसलेली सोल्जर फ्लायही हिरवी असते.

समजा केसांची ओळ आहे, म्हणजे कॅलिफोरिडी. आता गाल बघा, डोळ्याखालचा भाग. गाल नारिंगी, डोकं अंगाच्या मानानं मोठं, माशी दहा-बारा मिलिमीटरपर्यंत आणि पोटाच्या वळ्यांच्या कडांना काळपट पट्टे असतील तर क्रायसोमाया मेगासेफाला. फणस पिकून फुटला की त्यावर गोंगाट करते ती ही. नर असेल तर फारच सोपं: दोन्ही डोळे वर एकमेकांना चिकटलेले, आणि प्रत्येक डोळ्याच्या वरच्या भागातले कण मोठे, खालच्या भागातले बारीक, मध्ये स्पष्ट रेघ. समोरून काढलेल्या बऱ्यापैकी फोटोत ही रेघ दिसते, आणि मग प्रजातीचं नाव निर्धास्त लिहावं. मादीचे डोळे वेगळे-वेगळे असतात, मध्ये पट्टी असते. तिथे जरा जपून. पट्टे आहेत पण गाल फिका पांढुरका असेल तर क्रायसोमायाच, पण दुसरी, रुफिफेसीसच्या बाजूची.

गाल रुपेरी-राखाडी आणि पोटावर पट्टे नाहीत, अंग एकसंध हिरवं किंवा तांबूस झाक असलेलं, तर ल्युसिलिया. इथपर्यंत चांगल्या फोटोवरून येता येतं. पुढे दोन प्रजातींचा पेच आहे. ल्युसिलिया क्युप्रिनाच्या पुढच्या पायाची मांडी हिरवी चमकते, सेरिकाटाची काळी-निळसर असते. डोक्याच्या मागे, वरच्या कोपऱ्यात, क्युप्रिनाला प्रत्येक बाजूला एकेकच बारीक केस, सेरिकाटाला सहा-आठ. मांडी फोटोत येऊ शकते, माशी पुढचे पाय चोळत असताना समोरून तिरपा फोटो घेतला तर. पण सावलीत हिरवी मांडीही काळी दिसते, ही तिथली मेख. डोक्यामागचे केस परड्यातल्या फोटोत दिसणं कठीण. त्यामुळे ‘ल्युसिलिया, प्रजाती अनिश्चित’ हे उत्तर पूर्ण उत्तर आहे. ते अर्धवट वाटतं म्हणून ॲपनं सुचवलेलं नाव दाबायचं, आणि दुसऱ्या कुणी होकार दिला की नोंदीवर रिसर्च ग्रेडचा, म्हणजे ‘संशोधनाला चालेल’ असा शिक्का बसतो. मग पुढच्या माणसाच्या फोटोला ॲप तेच नाव आणखी ठामपणे सुचवतं. युरोप-अमेरिकेतले फोटो जास्त, म्हणून तिकडची नावं आधी येतात, आणि आपण ती इकडच्या माशीला चिकटवतो.

रंगाबद्दल एक ताकीद. धातूसारखी चमक ही रंगद्रव्याची नसते, उजेडाच्या खेळाची असते. तीच माशी सकाळी सोनेरी हिरवी, ढगाळ दुपारी निळी, फ्लॅशखाली जांभळी. ‘निळी का हिरवी’ यावर फार वेळ घालवू नये. केस, शिरा, गाल, पाय बघावेत. याला एक सुखद अपवाद आहे, गोमाशांच्या डोळ्यांचा. टॅबानिडी कुळातल्या माश्यांच्या डोळ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे किंवा नक्षी असते, आणि माशी मेली की ते विरतात. संग्रहातल्या टाचणी टोचलेल्या नमुन्यात जे उरत नाही ते इथे फोटोत उरतं.

राखाडी माश्यांची रांग

राखाडी माशी दिसली की घरमाशी म्हणायची सवय आहे. पाठीवरचे पट्टे मोजा. चार असतील तर मस्का डोमेस्टिका, तीच जी कुंद्याच्या परातीवर येते. दोन रुंद पट्टे असतील तर बाजारातली मस्का सॉर्बेन्स. तीन असतील, डोळे विटकरी लाल आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतील, जे बघणाऱ्याच्या बाजूप्रमाणे काळे-पांढरे अदलाबदल होतात, तर सार्कोफॅगा. ती अंडी घालत नाही, थेट अळ्या सोडते. सार्कोफॅगाची प्रजाती फोटोवरून ठरवण्याच्या फंदात पडू नये; नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली उघडल्याशिवाय तज्ज्ञही नाव देत नाहीत.

‘पावसाळ्यात माश्या चावायला लागतात’ असं घराघरांत म्हणतात. घरमाशी चावूच शकत नाही, तिचं तोंड स्पंजासारखं, टिपून घेणारं. पोटरीला चावते ती स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स, दिसायला घरमाशीचीच धाकटी बहीण. बाजूच्या फोटोत तिची सोंड डोक्याखालून पुढे आलेली दिसते, काळी, टोकदार, सुईसारखी. पोटावर ठिपके. शेणमुताने भिजून कुजलेल्या पेंढ्यात तिच्या अळ्या वाढतात, म्हणून गोठ्याच्या आसपास ती जास्त.

ज्वारीच्या कोवळ्या रोपावर राखाडी बारीक माशी आणि मधला पोंगा वाळलेला, ओढला की सहज उपटून येणारा, तर ती खोडमाशी, ॲथेरिगोना सोकाटा. इथे माशीच्या फोटोपेक्षा रोपाचा फोटो जास्त बोलतो. पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं, विडीच्या आकाराचं अंडं दिसलं तर तेही घ्या.

फळमाशी, आणि सापळ्यात काय घातलं होतं

आंब्याच्या दिवसांत फळमाश्यांचे फोटो सर्वांत जास्त येतात, आणि सुदैवानं या माश्या ओळखायला तुलनेनं सोप्या. पाठीवर दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पट्टा, पोटावर काळ्या रंगात इंग्रजी टी अक्षर, पंख जवळजवळ कोरे आणि पुढच्या कडेला बारीक काळी किनार: बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस, किंवा तिच्या जवळच्या बहिणींपैकी एक. काही बहिणी आता वेगळ्या राहिल्या नाहीत, २०१५ मध्ये पपयावरची मानलेली आणि आफ्रिकेत पसरलेली अशा दोन प्रजाती डॉर्सालिसमध्येच विलीन केल्या गेल्या. जुन्या पत्रकांत ती नावं अजून वेगळी दिसतात. किनार तुटक आणि पंखाच्या टोकाला एक सुटा ठिपका असेल तर अंगाचा रंग बघा. तांबूस विटकरी असेल तर झोनाटा, काळसर असेल तर पेरूवरची करेक्टा. समोरून चेहरा मिळाला तर झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन वेगळे काळे ठिपके, करेक्टाच्या चेहऱ्यावर ते जुळून आडवी रेघ.

दोडका, कारलं, पडवळ यांवरची माशी वेगळी. पाठीवर तीन पिवळे पट्टे, त्यातला एक मधोमध, आणि पंखाची किनार टोकाला पसरून मोठा डाग झालेला. ही झ्यूगोडेकस क्युकर्बिटी, जुन्या पुस्तकांत बॅक्ट्रोसेरा किंवा त्याहून आधी डेकस. मोबाइलच्या फोटोवरही बहुधा सांगता येते.

सापळ्यातल्या माश्यांचा फोटो काढत असाल तर आमिष कोणतं ते लिहायला विसरू नका. मिथाइल युजेनॉलकडे डॉर्सालिस, झोनाटा, करेक्टाचे नर येतात, क्यूल्यूरकडे क्युकर्बिटीचे. वासाच्या वडीचं नाव लिहिलं की ओळखण्याचं अर्धं काम झालं. सापळ्यात अडकून दोन दिवस पडलेली माशी मात्र काळवंडते, पिवळे पट्टे तपकिरी होतात. सकाळी ताज्या पडलेल्या माश्यांचेच फोटो घ्यावेत.

ज्या सोप्या आहेत त्यांचा आनंद घ्या

सगळ्याच माश्या अडून बसत नाहीत. मोरीच्या भिंतीवर हृदयाच्या आकाराचं केसाळ, पंखाच्या कडेला पांढरे बारीक ठिपके असलेलं पाखरू म्हणजे क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा, दुसरं काही नाही. उकिरड्याजवळ, कंपोस्टच्या डब्याजवळ काळी लांबट माशी, पायाची टोकं पांढरी, पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्या: ब्लॅक सोल्जर फ्लाय, हर्मेशिया इल्युसेन्स. कुंभारीण समजून लोक तिला घाबरतात. ती ना चावते ना डसते. पोटावर प्रत्येक वळ्यात एक जाड आणि एक बारीक काळा पट्टा असलेली नारिंगी फुलमाशी म्हणजे एपिसिर्फस बाल्टिएटस. पावट्याच्या शेंड्यावर माव्याजवळ घिरट्या घालणारी, छातीच्या दोन्ही कडांना पिवळी रेघ असलेली इस्किओडॉन स्क्युटेलारिस. तिथेच माव्यात बिनपायाची हिरवट, जळवेसारखी अळी दिसली तर ती मावा खाते आहे, तिला कीड समजून चिरडू नका. डोळ्यांवर ठिपके असलेली फुलमाशी एरिस्टालिनस, तिच्या शेपटीवाल्या अळ्या गटारात. मागची मांडी भोपळ्यासारखी फुगलेली बारीक फुलमाशी सिरिट्टा.

एक सापळा आहे तो सांगून ठेवतो. तुळशीवर आणि टणटणीवर दिसणारी, डोळ्यांवर आडवे पट्टे, खाली चोच असल्यासारखं तोंड. तिला सगळे फुलमाशी म्हणतात. ती स्टोमोऱ्हायना, निळ्या माशीच्या नात्यातली. अंगावर राठ केस आहेत, पंखात खोटी किनार नाही.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या दमट झाडीत पाठीची ढाल वाढून सगळं पोट झाकणारी, भुंगेऱ्यासारखी दिसणारी सेलिफिडी आणि दांड्यांच्या टोकावर डोळे असणारी डायोप्सिडी शोधा. अथणी-चिकोडीच्या कोरड्या माळावर त्या शोधून दमू नका, तिथे रॉबर फ्लाय आणि बी फ्लाय जास्त लाभतील. जिल्हा एक, हवामान दोन-तीन.

कॅमेऱ्याचं

मोबाइलचा मॅक्रो मोड बहुधा रुंद कोनाच्या छोट्या लेन्सवर चालतो. माशीपासून तीन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं, मोबाइलची सावली पडते आणि माशी उडते. त्यापेक्षा दुप्पट झूमच्या लेन्सवर क्लिपची मॅक्रो भिंग लावलेली बरी. दुसरा त्रास मोबाइलच्या शहाणपणाचा: तो फोटो गुळगुळीत करतो, केस पुसतो, आणि नसलेला पोत काढून देतो. हे सेटिंग बंद होत असेल तर करा, नाहीतर रॉ फाइल, म्हणजे मोबाइलनं हात न लावलेला कच्चा फोटो घ्या.

कॅमेरा असेल तर शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स, किंवा आहे त्या झूम लेन्सला पुढून लावायची रेनॉक्स डीसीआर-२५० ही भिंग. ती आठ डायॉप्टरची, स्वस्त आणि पुरेशी. ॲपर्चर एफ ११ ते १४, शटर १/२००, आयएसओ २०० ते ४००, आणि फ्लॅश. एफ २२ ला गेलात तर सगळं फोकसमध्ये येतं पण सगळंच मऊ पडतं. फ्लॅशपुढे पातळ पांढरा फोम किंवा बटर पेपर हवाच. चकचकीत माशीवर उघडा फ्लॅश म्हणजे पाठीवर पांढरा डाग आणि बाकी काळोख. जुलै-ऑगस्टमध्ये इथे आठ-आठ दिवस ऊन नसतं, फ्लॅशशिवाय भागत नाही.

डोलिकोपोडिडीचे फोटो काढताना बऱ्याचदा नुसतं रिकामं पान येतं. कारण टीटीएल, म्हणजे उजेड आपोआप ठरवणारा फ्लॅश आधी एक छोटी चाचणीची झळक मारतो, माशी तेवढ्यात उडते. फ्लॅश मॅन्युअलवर टाका.

सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली. अंग गार असतं, माश्या उन्हात पानावर बसून राहतात. जवळ जाताना सरळ जा, हळू जा, बाजूला हलू नका आणि सावली पाडू नका. उडालीच तर जागेवरून हलू नये, बऱ्याच माश्या त्याच पानावर परत येतात.

फोटोबरोबर काय लिहायचं

तारीख, वेळ, गाव, तालुका, झाड, आणि माशी काय करत होती. ‘माशी, परडं’ एवढ्यावर कुणी काही सांगू शकत नाही. ‘पडवळाच्या कोवळ्या फळात शेपूट खुपसत होती’ यावर निम्मं सांगता येतं. लांबी अंदाजानं लिहू नका, डोळ्याला माशी नेहमी मोठी वाटते. माशी गेली की त्याच अंतरावरून त्याच जागी पट्टी धरून एक फोटो घ्या. फोटो कापून पाठवलात तरी मूळ फाइल ठेवा.

जीपीएसची पिन तपासा. सीमेलगत मोबाइलची अचूकता घसरली की बेळगाव तालुक्यातली नोंद चंदगडात जाऊन पडते, म्हणजे राज्यच बदलतं. माशीला सीमाप्रश्न नाही, पण राज्यवार यादीला आहे.

आणि फोटोवर अडलंच, तर डबी. पारदर्शक, रुंद तोंडाची, झाकण घट्ट. माशी पानावर असताना वरून डबी, खालून कागद. डबी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि पाच ते दहा मिनिटं थांबा. माशी बधिर होते, मरत नाही. पांढऱ्या कागदावर ओतून आधी बाजूचा फोटो, मग पंख, मग चेहरा, शेवटी मांड्या. खोलीच्या उबेत तुमच्याकडे एक-दोन मिनिटंच असतात, म्हणून फोकस आणि फ्लॅश आधी कागदावरच्या मोहरीच्या दाण्यावर लावून ठेवा. आधी पाय हलतात, मग ती पुढचे पाय चोळायला लागते. त्यावेळी समोरून तिरपा एक फोटो घ्या, ल्युसिलिया असेल तर मांडीचा रंग तिथे दिसतो. खिडकी उघडी ठेवा.